हक्काचा विसावा : शिरपूर परिसरातील आखाजी आणि लहान सुखांचा इतिहास

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. वैशाख शुद्ध तृतीयेची ही तिथी उर्वरित महाराष्ट्रात साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून पाळली जाते आणि सोनेखरेदी, गृहप्रवेश किंवा नव्या कार्याचा आरंभ यांच्याशी जोडली जाते; तापीच्या खोऱ्यात मात्र ती दिवाळीच्या तोडीचा सण मानली जाते, आणि तिचे हे महत्त्व त्या दिवशी मिळणाऱ्या मोकळीकीमुळे आहे. या दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावरील शेतमजुराचे, साल पुरे होते, सासरी नांदणारी लेक माहेरी आलेली असते, कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीला झोका बांधलेला असतो, चुलीवरच्या खापरावर मांडे भाजले जातात आणि पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पितरांचे स्मरण केले जाते. धुळे जिल्ह्याच्या उत्तर भागातील शिरपूर आणि त्याच्या आसपासची गावे यांच्या आधारे या सणाचा विचार केला, तर झोका, गाणे, गोड घास आणि सावलीतली दुपार या साध्या सुखांचा इतिहास हा वास्तविक श्रमाचा आणि विश्रांतीचा इतिहास आहे असे दिसते. ज्यांच्या हाती स्वतःचा वेळ नव्हता अशा माणसांना रूढीने ही सुखे हक्क म्हणून मिळवून दिली होती, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अशा विषयाच्या साधनांचा प्रश्न प्रथम लक्षात घ्यावा लागतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात धुळे ही आपली कर्मभूमी केली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यामुळे खानदेशाला कागदपत्रांच्या शिस्तीची मोठी परंपरा लाभली आहे. परंतु दप्तरात सारा, वतन, तंटा आणि लढाई यांची नोंद होते, झोक्याची होत नाही. इंग्रजी अमदानीत १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेशविषयक खंडात लोकांचे अन्न, वस्त्र आणि चालीरीती यांची माहिती आढळते, मात्र ती राज्यकर्त्याच्या नजरेने टिपलेली आहे. म्हणून लहान सुखांच्या अभ्यासकाला अहिराणी बोलीतील गाणी, स्वयंपाकातील रीती, शेतीचे वेळापत्रक आणि मजुरीच्या करारातील संकेत हेच दस्तऐवज मानावे लागतात.

तरीही जुन्या लेखनात क्वचित एखादी नोंद अशी सापडते की, तिच्यातून सामान्य माणसाच्या जिभेवरची चव थेट कळते. अकबराने १६०१ साली अशीरगड घेऊन खानदेशातील फारुकी घराण्याची सत्ता संपवली आणि शहजादा दानियालच्या नावावरून या प्रांताला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले. अबुल फजलच्या ‘ऐन-ई-अकबरी’ या ग्रंथात या सुभ्याचे वर्णन करताना येथे मुख्यतः ज्वारी पिकते, काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा घेतली जाते आणि तिचे ताट इतके कोवळे व गोड असते की लोक त्याची गणना फळात करतात, अशा अर्थाचा उल्लेख आला आहे. महसूल आणि कापडाचे तपशील देणाऱ्या ग्रंथकाराला ज्वारीचे धांडे चघळण्याची गोडी नोंदवावीशी वाटली, ही बाब लहान नाही. कारण शेताच्या बांधावर बसून दाताने सोललेले ज्वारीचे ताट हे राजाच्या भोजनातले पक्वान्न नव्हते, ते राखणीला बसलेल्या पोराचे आणि कापणीला आलेल्या मजुराचे फळ होते.

ज्या भूमीविषयी हे लिहिले गेले तिचा शिरपूर हा उत्तरेकडील भाग आहे. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा आणि मधून तापीला मिळणाऱ्या अनेर व अरुणावती या नद्या अशी या तालुक्याची रचना असून अरुणावतीच्या काठी वसलेले शिरपूर गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तालुक्यातील थाळनेर हे तापीकाठचे गाव फारुकी घराण्याची पहिली राजधानी होते आणि त्या राजांच्या कबरी आजही तेथे पाहावयास मिळतात. सुपीक काळी जमीन, नदीचे पाणी आणि वाहता मार्ग यांमुळे हा प्रदेश समृद्ध होऊ शकत होता, पण याच कारणांमुळे तो फौजांच्या वाटेवरही होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनी खानदेशातील असंख्य गावे ओस पडली. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेरचा किल्ला घेतला तेव्हा किल्लेदाराला फाशी देण्यात आली व शिबंदीची कत्तल झाली. ओसाड गावात सण साजरा होत नाही. झोका बांधण्यासाठी झाड उभे असावे लागते, लेक यावी यासाठी माहेरचे घर नांदते असावे लागते आणि तिला आणायला निघालेल्या भावाला वाट सुरक्षित वाटावी लागते. त्यामुळे पुढील दशकांत गावे पुन्हा वसत गेली तेव्हा शेतीबरोबर सणांचे चक्रही पुन्हा फिरू लागले, असे म्हणणे वाजवी ठरते.

गावे वसली, आणि १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज भासू लागली, तसा खानदेशचा कापूस जगाच्या बाजाराशी जोडला गेला. कापसाच्या शेतीला वर्षभर राबणारे हात लागतात. वखरणी, पेरणी, निंदणी, कोळपणी, वेचणी आणि त्यासोबत बैलांची देखभाल ही कामे एकामागून एक येतात. खानदेशात या गरजेला सालदारी या पद्धतीचा आधार राहिला. ठरलेली रोकड आणि धान्य यांच्या मोबदल्यात एका शेतकऱ्याकडे पूर्ण वर्ष काम करण्यास बांधलेला शेतमजूर म्हणजे सालदार. महिन्याच्या करारावरचा तो महिनदार आणि दिवसाच्या मजुरीवरचा तो रोजंदार. सालदाराचा दिवस पहाटे बैलांच्या वैरणीने सुरू होई आणि रात्री पुन्हा गोठ्यातच संपे. आठवड्याची सुटी ही कल्पना त्याच्या करारात नव्हती. मुंबईतील गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली रविवारची सुटी मिळाली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक विश्रांतीला कायद्याचे बळ दिले. परंतु हा कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच पोहोचत होता, शेताच्या बांधापर्यंत नाही.

कायद्याने जे दिले नाही ते रूढीने थोड्या प्रमाणात दिले. सालदाराचे वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजले जाते, आणि त्या दिवशी जुना हिशेब पुरा होऊन तो धन्याच्या शब्दातून मोकळा होतो. साल पुढे धरायचे की दुसऱ्याकडे जायचे, रोकड किती आणि ज्वारी किती, हे त्याच सुमारास ठरते. वर्षातल्या एवढ्या एका वळणावर धन्याला सालदाराची मनधरणी करावी लागते, कारण तापलेल्या वैशाखात जमिनीची पूर्वमशागत बाकी असते आणि मृगाचा पाऊस महिन्याभरावर आलेला असतो. उत्तर इंग्लंडमध्येही वर्षाच्या करारावरील शेतमजूर ११ नोव्हेंबरच्या मार्टिनमस सणाच्या सुमारास मोकळे होत, त्याच वेळी भरणाऱ्या जत्रांत नवे मालक त्यांना कामावर ठरवीत आणि दोन करारांच्या मधले काही दिवस ते नाचगाण्यात घालवीत. दोन दूरच्या समाजांत एकच घडण दिसते, ती अशी की वर्षभराचे काम जेथे एका करारात बांधले जाते तेथे दोन करारांच्या सांध्यावर आनंदाला जागा मिळते. मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. उचल म्हणून आगाऊ घेतलेली रक्कम फिटली नसेल, तर सालदाराचे मोकळे होणे नावापुरते राही आणि नवे साल जुन्या देण्यातच बांधले जाई. आखाजीला पत्त्यांचे डाव मांडण्याची खानदेशातील प्रथाही याच संदर्भात पाहिली पाहिजे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानंतरही ती टिकून राहिली आणि ज्या हातात वर्षातून एकदाच रोकड येते त्या हाताचे तिने अनेकदा नुकसान केले. विरंगुळा म्हणून खेळलेला डाव आणि वर्षाची कमाई गिळणारा डाव यांतील सीमारेषा लहान सुखाची व्याख्या स्पष्ट करते: जे सुख दुसऱ्या दिवशीची भाकर हिरावते, ते लहान राहत नाही.

सालदाराइतकाच पराधीन वेळ सासुरवाशिणीचा होता. जात्यावरचे दळण, विहिरीवरचे पाणी, गोवऱ्या, शेतातली निंदणी आणि कापूसवेचणी या सर्व कामांत तिचे वर्ष जाई. तिलाही सुटी मागण्याची सोय नव्हती. आखाजीपूर्वी माहेराहून मुराळी, म्हणजे लेकीला न्यायला येणारा भाऊ किंवा दुसरा आप्त, सासरच्या दारात उभा राही, आणि त्याला रिकामे परत पाठवणे हे कुटुंबाच्या नावाला बट्टा लावणारे मानले जाई. एकाच तिथीला सालदार आणि सासुरवाशीण या दोघांनाही मोकळे करणारी ही रूढी म्हणूनच सामाजिक दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. या दिवसांत पूजली जाणारी गौराई ही देवतासुद्धा माहेरी आलेली लेक आहे. शंकर तिला न्यायला येतो आणि पाहुणचार घेऊन ती सासरी परतते. देवीच्या कथेत आणि घरातल्या लेकीच्या येण्याजाण्यात असे साम्य असल्यामुळे विसाव्याच्या हक्कावर धर्माची मोहर उमटली आणि सासूला किंवा धन्याला तो सहजासहजी नाकारता येईना.

माहेरी आलेल्या मुलींचे सुख झोक्यावर एकवटलेले असे. शेतीच्या कामाचा जाड दोर उंच फांदीला बांधून केलेल्या या झोक्यावर एकटीने बसून किंवा दोघींनी समोरासमोर उभे राहून उंच झोके घेतले जात, आणि खाली जमलेल्या मैत्रिणी अहिराणीत गाणी म्हणत. सासरचा जाच, भावाची माया, नणंदेचे टोमणे, आईची आठवण असे जे विषय सासरच्या अंगणात उच्चारता येत नसत ते गाण्याच्या आधाराने मोकळेपणी बोलले जात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात खानदेशी बोलीला १९०७ साली स्वतंत्र स्थान मिळाले आणि पुढे डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचे व्याकरण व शब्दसंग्रह सिद्ध केला, परंतु या बोलीचा सर्वांत जिवंत वापर ग्रंथालयाबाहेर, अशा झाडांखाली होत होता. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी आखाजीवर स्वतंत्र कविता रचली. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जाते, चूल आणि झोका यांमधून उमटणारा आनंद किती खोल विचाराचा असू शकतो हे मराठी वाचकांना कळले.

सणाचे अन्न या सुखाचा दुसरा आधार आहे. खानदेशी मांडे, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, लाटण्याने लाटले जात नाहीत. चांगली मळलेली, तार सुटणारी सैल कणीक पुरणासह दोन्ही हातांवर फिरवत मोठी व पातळ केली जाते आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकली जाते. आमरसाच्या दिवसांत आखाजी येत असल्याने मांडा आणि रस ही जोडी ठरून गेलेली आहे. या पदार्थाला महाग जिन्नस लागत नाहीत, हरभऱ्याची डाळ, गूळ आणि गहू पुरतात. त्याला लागते ते हातांचे कसब, जे मुलगी आईकडे आणि सून सासूकडे पाहूनच शिकते. पितरांच्या नावाने भरल्या जाणाऱ्या घागरीमागेही अशीच काटकसरीची सुंदर दृष्टी आहे. कडक उन्हाळ्यात गार पाणी हेच सर्वांत मोठे दान असते, म्हणून कुंभाराकडून आणलेली नवी घागर पाण्याने भरून तिच्यावर हंगामाचे फळ, डांगर, ठेवले जाते. नदीच्या वाळूत उन्हाळ्यात डांगर आणि टरबूज यांचे वेल लावले जातात, आणि पाणी ओसरलेल्या पात्रातून पिकलेले हे फळ तहानेच्या ऋतूत देवघरात पोहोचते.

शिरपूर तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्यात शिरतो, आणि तेथील पावरा, भिलाला व भिल्ल समाजांच्या वर्षातही विसाव्याची अशीच ठरलेली जागा आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात बोराडी, पळासनेर यांसारख्या गावांच्या आठवडे बाजारांना भोंगऱ्या बाजाराचे रूप येते. ज्या गावाचा जो बाजाराचा वार, त्या वारी तेथे भोंगऱ्या, असा क्रम असल्यामुळे आनंद एका ठिकाणी न साठता गावोगाव फिरतो. होळीच्या पूजेसाठी लागणारे फुटाणे, दाळ्या, गूळ, खजूर आणि साखरेचे हार-कडे यांची खरेदी हा या बाजाराचा मूळ हेतू असून मोठे ढोल, बासऱ्या आणि चांदीचे दागिने ल्यालेल्या स्त्रियांचे गट यांमुळे खरेदीचा दिवसच उत्सव होऊन जातो. बाहेरच्या लेखकांनी भोंगऱ्याला वारंवार जोडीदार निवडून पळून जाण्याचा बाजार म्हटले आहे. हे वर्णन आदिवासी समाजातील जाणत्यांना मान्य नाही, आणि त्यांचा आक्षेप योग्य आहे, कारण वर्षभर डोंगरात पांगून राहणाऱ्या कुटुंबांना नातलग भेटण्याची, नवे कापड घालण्याची आणि मूठभर फुटाणे पोरांच्या हातावर ठेवण्याची ही संधी आहे. तिच्यात नाट्य शोधणाऱ्या नजरेला तिचे साधेपण दिसले नाही, असेच म्हणावे लागते.

आखाजी आणि भोंगऱ्या यांच्याबरोबर वर्षातील इतर लहान सुखे पाहिली म्हणजे त्यांच्या मुळाशी एक सूत्र दिसते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवला जातो आणि चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी पुन्हा ताटात येतात. नेमक्या त्याच थंडीत वेचणी झालेल्या कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या शेतात उपलब्ध असतात. त्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून, लाकडी पात्रात ठेचून, मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून केलेले भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीबरोबर शेतातच खाल्ले जाते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी या पदार्थाची खरी ओळख शेतातल्या धुराच्या वासात आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात आणि रात्र गाण्यात जाते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणतात आणि डब्यात झाकून आणलेली खिरापत वासावरून, आवाजावरून ओळखण्याचा खेळ रोज खेळतात. प्रत्येक ठिकाणी सुखाचे साहित्य कामातूनच उरलेले आहे: कपाशीच्या काड्या, शेतीचा दोर, नदीची वाळू, बाजाराचा वार. खानदेशाने आनंदासाठी वेगळी सामग्री विकत आणली नाही, कामाच्याच वस्तूंना एक दिवस वेगळा अर्थ दिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेचे आधार एकेक करून बदलले. विहिरीवर इंजिने व वीजपंप आले, ट्रॅक्टरने बैलांची संख्या घटवली, पिठाच्या गिरणीने जाते थांबवले आणि वर्षाच्या कराराची जागा अनेक ठिकाणी रोजंदारीने घेतली. शिरपुरात सूतगिरणी, कापडउद्योग आणि मोठी शिक्षणसंकुले उभी राहिली. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने नाले खोल व रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी बांधण्याचे जे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर चर्चेत आले. या बदलांनी सालदाराची पोरे शाळेत गेली, मुलींना माहेरी येण्यासाठी मुराळ्याची वाट पाहावी लागेनाशी झाली, आणि गिरणीत काम करणाऱ्याला साप्ताहिक सुटी मिळू लागली. हा लाभ मोठा आहे, आणि जुन्या सणाच्या आठवणीपायी तो कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुटीचे गोडवे गाताना उरलेल्या दिवसांचा भार विसरता येत नाही.

तरीही या स्थित्यंतरात एक गोष्ट हरवण्याच्या वाटेवर आहे, आणि तिच्याबद्दल चिंता वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वीचा विसावा सामूहिक होता. सर्व गाव एकाच दिवशी मोकळे होई, त्यामुळे झोक्याखाली गाणाऱ्या मैत्रिणी जमत आणि दारात बसलेल्याला सोबत मिळे. आताची सुटी व्यक्तीची आहे, ती प्रत्येकाला वेगळ्या दिवशी मिळते आणि बहुधा घराच्या भिंतीआड पडद्यासमोर खर्च होते. शेताच्या बांधावरची आणि रस्त्याकडेची मोठी झाडे कमी झाली, तशी झोक्याची जागाही आकसली. खापरावर मांडे करणाऱ्या बायकांचे कसब घरातून निघून आचाऱ्याच्या हाती गेले आणि अहिराणी गाणी नव्या मुलींच्या ओठांवर पूर्वीसारखी राहिलेली नाहीत.

या सणांचे जतन म्हणजे जुनी विषमता जपणे नव्हे. आजही ऊस तोडणारे, कापूस वेचणारे, वीटभट्टीवर आणि परघरी राबणारे असंख्य हात असे आहेत की, ज्यांच्या वर्षात ठरलेल्या विसाव्याचा एकही दिवस नाही; आखाजीने सालदाराला आणि लेकीला जे दिले ते त्यांना मिळवून देणे हाच या प्रथेचा खरा वारसा ठरेल. शिरपूर परिसरातील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून आजीच्या तोंडची आखाजीची आणि गुलाबाईची गाणी उतरवून घ्यावीत, ग्रामपंचायतींनी गावात एक तरी मोठे झाड झोक्यासाठी राखावे, आणि ज्यांच्या घरी दुसरे कोणी राबते त्यांनी त्या माणसाची आखाजी आधी ठरवून मग आपली साजरी करावी.